भुलीच्या औषधांची सवय लागते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, अंबाजोगाई, बीड या पट्ट्यात मी भूल देण्याचं काम करते. सर्जनचं नाव लोकांच्या लक्षात राहतं, भूल देणारीचं राहत नाही. तरीही ऑपरेशननंतर आठ-पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी ओळखीनं नंबर मिळवून लोक मला फोन करतात, कारण गुंगीच्या औषधांबद्दलची धास्ती तोवर मनात घर करून बसलेली असते. पुन्हा पुन्हा आलेले असे प्रश्न इथे एकत्र केलेत. औषधांची नावं ओळखीसाठी दिली आहेत, डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम.

१. एकदाच ऑपरेशन झालं, पूर्ण भूल दिली होती. आता त्या औषधाची सवय लागेल का?

नाही. सवय लागायची तर औषध मेंदूला पुन्हा पुन्हा मिळावं लागतं, आणि ते घेतल्यावर काय वाटलं ते लक्षात राहावं लागतं. भुलीत तास-दोन तास औषध चालतं, बंद केलं की थोड्याच वेळात अंमल उतरू लागतो आणि मधलं काहीच आठवत नाही. दिवसभर सुस्ती, मळमळ, घशात नळी घातल्यामुळे खवखव हे होतं आणि जातंही. २४ तास गाडी चालवू नका, आणि जमिनीच्या कुठल्याही कागदावर सही-अंगठा करू नका. हे गमतीनं लिहिलेलं नाही. रिकव्हरीतल्या खाटेजवळ कागद घेऊन उभा असलेला भाऊ मी पाहिला आहे.

वारंवार भूल लागत असेल तर प्रश्न ७ बघा. गोळ्या घरी आणल्या असतील तर प्रश्न ८ आधी वाचा.

२. भुलीत नेमकं काय काय देतात? त्यातलं सवय लावणारं कोणतं?

लोकांना वाटतं एक इंजेक्शन असतं. पूर्ण भुलीत निदान चार-पाच औषधं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं असतं. टेबलावर घेतल्यावर भीती जावी म्हणून सलाईनमधून एक-दोन मिलिग्रॅम मिडाझोलाम देतात. हे झोपेच्या गोळ्यांच्याच घराण्यातलं, आणि पुढचं आठवू न देणं हा त्याचा गुण. दुखणं मारायला फेंटॅनिल. ते अफूच्या जातीचं, पण प्रयोगशाळेत तयार झालेलं आणि मॉर्फीनच्या ५० ते १०० पट जोरकस, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. झोपवायला प्रोपोफॉल, पूर्वी थायोपेंटोन असायचं. झोप टिकवायला सेव्होफ्लुरेनसारखी वाफ. स्नायू सैल पडावेत म्हणून आणखी एक औषध, त्याला नशा अजिबात नाही.

व्यसन लावण्याची ताकद यातल्या फेंटॅनिलमध्ये सगळ्यात जास्त, त्याखालोखाल मिडाझोलाम, प्रोपोफॉल आणि कधीकधी देतात ते केटामिन (प्रश्न ७). ही ताकद आहे हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच फेंटॅनिलच्या प्रत्येक अँप्युलची (काचेच्या छोट्या कुपीची) नोंद रजिस्टरमध्ये होते, रिकामी अँप्युल मोजून परत द्यावी लागते, आणि उरलेलं औषध दुसऱ्याच्या देखत टाकून द्यायचं असतं. पण हीच औषधं टेबलावर, एकदा, मोजून, श्वासावर नजर ठेवून दिली तर तेवढ्यानं कुणी व्यसनी होत नाही. चुलीतला विस्तव आणि गंजीतला विस्तव एकच असतो, पण चुलीतल्यावर भाकरी होते.

३. माझं सिझर कंबरेत इंजेक्शन देऊन झालं. तेव्हापासून कंबर दुखती. ह्या औषधाची शरीराला सवय झाली का?

कंबरेतल्या भुलीत बुपिव्हाकेन नावाचं औषध दोन-तीन मिली एवढंच सोडतात. ते कंबरेखालच्या नसा काही तास बधिर करतं. मेंदूला त्याची नशा चढत नाही, त्यामुळे सवयीचा प्रश्नच येत नाही. कधीकधी त्यात थोडं फेंटॅनिल घालतात, तेही एकदाच आणि अगदी कमी.

कंबरदुखीचं म्हणाल तर सुई टोचलेली जागा चार दिवस ठणकते. महिनोन्‌महिने दुखणारी कंबर बहुतेकदा बाळंतपणात सैल झालेले सांधे, वाकून पाजणं, रक्त कमी असणं आणि सव्वा महिना व्हायच्या आत डोक्यावर घेतलेली घागर यांची असते. आमच्याकडे सगळा दोष त्या सुईला लावून मोकळे होतात, आणि हिमोग्लोबिन तपासायचं राहून जातं.

४. दात काढताना हिरडीत दिलेल्या इंजेक्शनचं काय?

लिग्नोकेन. सवय लागत नाही. एक जुनी गोष्ट मात्र खरी आहे. जागेवरची भूल १८८४ साली सुरू झाली ती कोकेननं, आणि हॅलस्टेड नावाचा मोठा अमेरिकन सर्जन स्वतःवर प्रयोग करता करता कोकेनच्या आहारी गेला. ते सोडवताना मॉर्फीनच्या नादी लागला. आजच्या लिग्नोकेनला ती नशा नाही.

५. दुर्बिणीची तपासणी करताना दुधासारखं पांढरं इंजेक्शन दिलं. उठलो तेव्हा इतकं हलकं वाटलं की पुन्हा घ्यावंसं वाटतं. हे व्यसन आहे का?

हे प्रोपोफॉल. सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला एक स्निग्ध घटक यांच्यात घोळवलेलं असतं, म्हणून पांढरं दिसतं. (लातूरकरांना यातलं सोयाबीन ऐकून फार बरं वाटतं.) हाताला जरा जळजळतं आणि तीस-चाळीस सेकंदांत डोळे मिटतात. उठताना काहींना छान स्वप्नं पडलेली असतात, मन हलकं असतं. एका गुरुजींनी तपासणी संपल्यावर मला विचारलं, "मॅडम, वीस वर्षांत अशी झोप लागली नाही. महिन्यातून एकदा देता येईल का?"

असं वाटणं म्हणजे व्यसन नव्हे. पण गुरुजींना मी एवढंच विचारलं की वीस वर्षं झोप का लागत नाही. कारण प्रोपोफॉलची गुंगी म्हणजे झोप नाही, आणि झोपेसाठी ते वापरणं जिवावर बेततं. २५ जून २००९ रोजी मायकल जॅक्सन गेला तो मुख्यतः प्रोपोफॉलमुळेच. झोपेसाठी ते त्याला घरी दिलं जात होतं. गुंगी आणि श्वास थांबणं यात या औषधाचं अंतर फार थोडं आहे. दक्षिण कोरियात सौंदर्यशस्त्रक्रियांच्या निमित्तानं त्याचा गैरवापर इतका वाढला की २०११ मध्ये त्यांनी ते नियंत्रित औषधांच्या यादीत टाकलं.

६. माझे वडील पंधरा दिवस व्हेंटिलेटरवर होते, सतत गुंगीत ठेवलं होतं. औषध कमी केलं की घाम, थरथर, बेचैनी सुरू व्हायची. ते व्यसनी झाले का?

इथे तीन शब्द वेगळे करून समजून घ्या. पहिल्या डोसानं भागायचं तिथे जास्त डोस लागू लागणं म्हणजे औषध अंगवळणी पडणं. औषध अचानक थांबवल्यावर शरीरानं तक्रार करणं म्हणजे शरीर त्यावर टेकणं. आणि नुकसान दिसत असूनही, काहीही करून ते मिळवायचंच अशी तलफ म्हणजे व्यसन. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी झाल्या, तिसरी नाही.

आयसीयूत मिडाझोलाम किंवा फेंटॅनिल कित्येक दिवस सतत चाललं की असं होऊ शकतं. या पानावर भुलीच्या औषधांचा खराखुरा धोका जिथे आहे त्यातली ही पहिली जागा. उपाय एकच, औषध एकदम न तोडता रोज थोडं थोडं उतरवायचं. डेक्समेडेटोमिडिन हे वेगळ्या जातीचं औषध मदतीला घेतात. त्यानं गुंगी येते पण श्वास फारसा दबत नाही. अर्थात तेही बरेच दिवस चाललं तर हळूहळूच काढावं लागतं. घरी आल्यावर वडील औषध मागत नसतील तर निश्चिंत राहा. महिनाभर झोप उडालेली, वाईट स्वप्नं, चिडचिड हे मोठ्या आजारानंतर दिसतं. ते वाढत गेलं तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा.

७. बहीण जळाली आहे. एक दिवसाआड ड्रेसिंगला गुंगीचं इंजेक्शन देतात. आता तीच म्हणते "आधी ते इंजेक्शन द्या". कामून असं म्हणत असंल?

दुखतंय म्हणून. जळालेल्या अंगावरची पट्टी काढताना काय होतं ते ज्यानं पाहिलंय तो हा प्रश्न विचारणार नाही. दुखण्याला घाबरून औषध मागणं हे तलफेसारखं दिसतं, पण दुखणं नीट मारलं की ते मागणंही थांबतं.

तिला बहुधा केटामिन देत असतील. १९६२ साली तयार झालेलं हे औषध दुखणं मारतं, गुंगी आणतं आणि श्वास चालू ठेवतं, म्हणून जिथे भुलीचं मशीन नाही अशा ठिकाणीही आमचा आधार असतं. त्याची खोड अशी की माणसाला अंगातून बाहेर पडल्यासारखं वाटतं. एक बाई शुद्धीवर आल्या आणि म्हणाल्या, योगेश्वरी देवी समोर उभी होती. दुसरा पोरगा किंचाळत उठला. सोबत थोडं मिडाझोलाम दिलं तर हे कमी होतं.

केटामिन नशेसाठी रोज घेणारे लोक आहेत, आणि त्यांच्या लघवीची पिशवी अक्षरशः आखडून जाते. म्हणूनच आपल्याकडे २०१३ पासून ते शेड्यूल एक्समध्ये आहे. ते विकायला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपावी लागते. बहिणीची जखम भरत आली की ड्रेसिंग गोळ्यांवर करतात. तेव्हाही ती इंजेक्शनचाच हट्ट धरत असेल तर डॉक्टरांशी बोला.

८. ऑपरेशननंतर झोपेच्या आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या होत्या. दोन वर्षं झाली, त्या घेतल्याशिवाय आईला झोप नाही. हे भुलीमुळे झालं का?

भुलीमुळे नाही, चिठ्ठीमुळे. एवढ्या लांबलचक पानातून एकच प्रश्न वाचायचा असेल तर हा वाचा.

टेबलावर दोन मिलिग्रॅम मिडाझोलाम घ्यायला घाबरणारी माणसं त्याच घराण्यातली अल्प्राझोलाम रोज रात्री चहाच्या घोटासारखी घेतात. सुट्टीच्या वेळी पाच दिवसांच्या गोळ्या लिहिलेल्या असतात. पाच दिवसांनी तीच चिठ्ठी घेऊन कुणीतरी मेडिकलवर जातं, मग चिठ्ठी मळते, घडीवर फाटते, आणि पुढे नुसतं रिकामं पाकीट दाखवलं तरी स्ट्रिप मिळते. ते पाकीट जरा निरखून बघा, त्यावर लाल चौकट आहे. ती शेड्यूल एच वनची खूण. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडोल ही सगळी त्यात येतात. २०१४ पासून अशी औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकली की रजिस्टरात नोंद करायची असा नियम आहे. छत्रपती संभाजीनगरात पोरं ज्याला 'बटन' म्हणतात ती गोळीही बहुतेक याच यादीतली, नायट्राझेपाम.

या गोळ्या रोज घेतल्या तर दोन-चार आठवड्यांत शरीर त्यांच्यावर टेकायला लागतं. म्हाताऱ्या माणसात आणखी भर पडते. रात्री उठताना तोल जातो, खुबा मोडतो, आणि ती आजी परत माझ्याच टेबलावर येते.

ट्रॅमाडोलचं तसंच. "साधी दुखण्याची गोळी" म्हणून ते दिलं जातं, पण ते अफूच्या जातीचं आहे आणि एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. दिवाळीनंतर कारखान्यावर जाणारी ऊसतोडीची माणसं टाके ओले असतानाच "कोयता धरता येईल अशी गोळी द्या" म्हणतात. त्यांचा नाइलाज मला कळतो, आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते. पण गोळीनं दुखणं दबतं आणि टाका तुटतो तेव्हा कळत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, आधी कधीच अफूजन्य गोळ्या न घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६ टक्के ऑपरेशननंतर तीन महिने उलटले तरी त्या घेत होते, आणि ऑपरेशन लहान असो की मोठं, प्रमाण जवळपास सारखंच होतं. म्हणजे दोष कापण्याचा किंवा भुलीचा नव्हता.

आईच्या गोळ्या आज रात्री एकदम बंद करू नका. दोन वर्षांची गोळी झटक्यात तोडली तर आकडी येऊ शकते. कित्येक आठवडे लावून डोस उतरवायचा असतो. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड यांपैकी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागाची ओपीडी आहे, तिथे न्या. फोनवर विचारायचं असेल तर टेलिमानस १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

९. ऑपरेशन चांगलं झालं, पण तिसऱ्या दिवशी बापू बरळायला लागले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाले. भूल डोक्यात चढली का?

बापू दारू पितात का? हा प्रश्न मी विचारते तेव्हा आधी शांतता असते, मग सून पदर सावरत म्हणते, "कधीमधी." मग ओट्यावर नेऊन विचारलं की कळतं, रोज संध्याकाळी देशीच्या दोन क्वार्टर.

भुलीचा अंमल तिसऱ्या दिवशी चढत नसतो. रोज पिणाऱ्याची दारू दवाखान्यात सुटते आणि शेवटच्या घोटानंतर दोन ते चार दिवसांत हात थरथरणं, घाम, ताप, भ्रम, कधी आकडी असा प्रकार होतो. यात माणूस दगावतोही. उपचार म्हणून लोराझेपाम किंवा डायझेपामच द्यावं लागतं, म्हणजे ज्या औषधांच्या सवयीला आपण भितो तीच इथे जीव वाचवतात. सोबत थायमिनचं (जीवनसत्त्व बी-१) इंजेक्शन, आणि ते ग्लुकोजच्या आधी. बापूंना पलंगाला बांधून देवऋषी बोलावण्यात वेळ घालवू नका, ताबडतोब सिस्टरला सांगा. म्हातारपणात दारूशिवायही, जंतुसंसर्गानं किंवा सोडियम कमी झाल्यानं असा गोंधळ होतो, म्हणून रक्त तपासावंच लागतं.

१०. दारू, गांजा किंवा गोळ्या घेतो हे ऑपरेशनच्या आधी सांगितलं तर? पोलिसांत जाईल का?

जाणार नाही. ही माहिती तुम्हाला किती औषध लागेल हे ठरवण्यासाठी विचारतात, आणि ती डॉक्टर-रुग्णातच राहते. रोज पिणाऱ्याला किंवा रोज गांजा ओढणाऱ्याला भूल चढायला जास्त औषध लागतं. त्याच दिवशी पिऊन आलेल्याला उलट कमी लागतं आणि पोटातलं छातीत जाण्याची भीती असते. नातेवाइकांसमोर बोलता येत नसेल तर "मॅडम, एकटं बोलायचंय" एवढं म्हणा. तंबाखू, मिश्री, गुटखाही सांगा. दारू आदल्या दिवशी स्वतःच्या मनानं तोडणं किती महागात पडतं ते प्रश्न ९ मध्ये आलंय.

११. मी व्यसनातून बाहेर आलोय. ऑपरेशनमुळे परत घसरेन का? चालू असलेल्या गोळ्यांचं काय करू?

भीती रास्त आहे आणि ती भूलतज्ज्ञाला आधी सांगितली तर अर्धं काम होतं. कंबरेतली भूल किंवा हाता-पायाच्या नसेतली भूल, सोबत पॅरासिटामॉल अशा वाटा निघतात. दुखणं मात्र सोसत बसू नका, न सोसवणारं दुखणंही माणसाला जुन्या वाटेवर नेतं.

गोळ्यांचा पेच असा. नाल्ट्रेक्सोन चालू असेल (दारूसाठीही देतात) तर फेंटॅनिल, मॉर्फीन लागूच पडत नाहीत. गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवावी लागते, महिन्याचं इंजेक्शन असेल तर त्याचा अंमल चार आठवडे टिकतो. अफूजन्य व्यसनावर देतात त्या ब्युप्रेनॉर्फिनचं उलट, ते सहसा चालूच ठेवतात आणि त्यानुसार बाकीचं जुळवतात. दोन्ही बाबतीत निर्णय तुमचे व्यसनमुक्तीचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यायचा. घरी नेण्याच्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवा.

१२. लेकराला भूल दिली तर मोठेपणी नशेकडे वळेल का?

असा संबंध नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ मध्ये इशारा दिला होता तो वेगळा होता. तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा पुन्हा पुन्हा भूल लागली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता, असा तो इशारा. हर्नियाच्या छोट्या ऑपरेशनसाठी त्याची धास्ती घेऊ नये.

१३. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच व्यसन लागतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, आणि आमच्यात यावर हळू आवाजात बोलतात. औषध हाताशी, काय दिल्यावर काय होतं ते पाठ, आणि तीन गावांच्या तीन ओटी (ऑपरेशन थिएटर) करून रात्री दोनला घरी आल्यावर झोप नाही. अमेरिकेत १९७५ ते २००९ या काळात भूलशास्त्र शिकायला आलेल्या ४४,६१२ डॉक्टरांपैकी ३८४ जणांना शिकत असतानाच व्यसन जडल्याचं नोंदलं गेलं. शेकड्याला एकाहूनही कमी, पण त्यातल्या काहींचा पहिला पुरावा त्यांचं प्रेतच होतं.

रुग्णांसाठी याचा अर्थ असा की धोका औषध घेणाऱ्याच्या हातात ते स्वतःच्या मर्जीनं येतं तेव्हा सुरू होतो. सुरुवातीला मी काम करत होते त्या एका रुग्णालयात अँप्युलचं रजिस्टर महिनाअखेरीला एकाच पेनानं, एकाच बैठकीत भरलं जायचं. मी तक्रार केली तेव्हा "मॅडम, एवढं कोण बघतं" असं उत्तर मिळालं. तेव्हापासून स्वतःची वही ठेवते.

१४. जिममधली पोरं ऑपरेशन थिएटरचं इंजेक्शन घेतात म्हणे. तेही भुलीचं का?

ते मेफेंटरमिन. भुलीचं नाही, पण ओटीत भुलीच्या ट्रेमध्येच असतं. कंबरेतल्या भुलीनं रक्तदाब उतरला की तो उचलायला देतात. पोरं दम टिकावा, भरतीची धाव मारता यावी म्हणून घेतात. छाती धडधडते, रक्तदाब भडकतो, पुढे संशयीपणा आणि भास सुरू होतात, आणि याची सवय नक्की लागते. घरात छोट्या कुप्या आणि इन्सुलिनच्या सिरिंजा सापडल्या तर पोराला मारू नका, प्रश्न ८ मधल्या नंबरावर फोन करा.

१५. आजीला कॅन्सर आहे, डॉक्टर मॉर्फीन लिहून देतायत. घरचे म्हणतात शेवटी व्यसनी करून मारणार का?

प्रश्न ६ मधला फरक इथेही लागू होतो. दुखण्याच्या मापानं, घड्याळ लावून दिलेल्या मॉर्फीनवर शरीर टेकतं, पण माणूस सहसा नशेकरी होत नाही. वेदनेनं रात्र रात्र कण्हणारी आजी दोन दिवसांत उठून बसून नातवाला हाक मारते हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. मॉर्फीन मिळणं पूर्वी परवान्यांच्या जंजाळात अडकायचं. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर मॉर्फीन आणि फेंटॅनिलसह सहा औषधं अत्यावश्यक ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवणं सोपं झालं. गोळ्या कुलुपात ठेवा, मोजून ठेवा, आणि मॉर्फीननं बद्धकोष्ठ हमखास होतं म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून हवं. चिठ्ठीवर ते नसेल तर मागून घ्या.